जीवदयेचा खंड्या

गोमटेश मगदूम हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं ते सांगायला सवड मिळणार नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, कृष्णाकाठच्या गावात ऊस, दारात गाडी, आणि पन्नाशी जवळ आली तरी अंगाला कष्टाची ओळख नाही. असा माणूस आपल्याकडे हटकून छंदाला लागतो. गोमटेश आधी सायकलीला लागला; गुडघ्यांनी नको म्हटलं. मग गाणं शिकायला लागला; गल्लीनं नको म्हटलं. शेवटी त्यानं कॅमेरा घेतला. कॅमेऱ्याला कुणीच नको म्हणत नाही, त्यामुळं तो टिकला.

हे सगळं त्याची बायको गुणमाला बघत आली होती. दुकान खरं म्हणजे तीच चालवायची. यार्डात सौद्याच्या वेळी शेठ कुठायत म्हणून कुणी विचारलं, की ती म्हणायची, "रानात गेल्यात." विचारणाऱ्याला वाटायचं, ऊस बघायला गेले असतील. तो गैरसमज तिनं कधी दूर केला नाही.

पहिली लेन्स आली ती दुधीभोपळ्याएवढी होती. तिच्यात म्हणे पक्षी पुरेसा जवळ येत नव्हता. मग दुसरी आली, उखळाएवढी. तिला पेलायला तिपाई, तिपाईवर ती झुलवायला आणखी एक लोखंडी डोकं, आणि हे सगळं पाठीवर न्यायला एक पिशवी, जी गोमटेशच्या पाठीवर फारशी कधी चढलीच नाही. गाडीच्या खिडकीत लेन्स टेकवायला कडधान्याची उशी लागते असं त्याला कुणीतरी सांगितलं. गुणमालानं जुन्या जीनपँटीची उशी शिवून त्यात हरभरे भरून दिले. एकदा ती पावसात भिजली आणि हरभऱ्यांना मोड आले. उशी आठवडाभर गाडीतच होती, पण ते गोमटेशच्या लक्षात आलं नाही, कारण तो निसर्गाचं निरीक्षण करण्यात गुंतला होता.

कपडे पानापानांचे घ्यायचे, म्हणजे झाडीत आपण दिसत नाही. ते घालून तो पांढऱ्याशुभ्र गाडीत बसायचा. गाडीच्या मागच्या काचेवर त्याचं नाव, त्याखाली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर', आणि त्याखाली वाघाचा पंजा. वाघ त्यानं एकदाच, जिपांच्या रांगेमागून, शेपटीकडून पाहिला होता. अंगणातल्या बुलबुलाला तो चिमणीचीच एक जात समजायचा, पण बुलबुलाचा फोटो कसा काढायचा हे त्याला तोंडपाठ होतं. शटर दोन हजारावर, छिद्र पूर्ण उघडं, फोकस डोळ्यावर, मागची झाडी लांबची निवडायची म्हणजे ती विरघळून जाते. त्याच्या फोटोवाल्या मित्रांच्या ग्रुपवर फोटो काढत नसत, 'मारत' असत. "काल घुबड मारलं." "रविवारी हरीण मारलं गड्या, उजेड लय भारी हुता." ज्या घरात मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून माणसं खाली बघून चालत आली, त्या घरात हे फोनवर मोठ्या आवाजात चालायचं.

एवढं सगळं असून गोमटेशला दोन वर्षांत एक धड फोटो मिळाला नव्हता. त्याचं कारण साधं होतं. मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा नियम. गोमटेशनं बाकी पुष्कळ नियम सोयीनं वाकवले होते, पण जेवणाचा नियम तो मनापासून पाळायचा. आणि फोटोला सगळ्यात चांगला उजेड नेमका त्याच वेळी पडतो. ऊन सोनेरी झालं, सावल्या लांबल्या, हरणं पाण्यावर उतरायला लागली, की सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याशी गोमटेश डबा उघडायचा. शेवटचा घास संपेपर्यंत सूर्य गेलेला असायचा आणि हरणंही.

"आवं, डबा मांडीवर घिऊन बसा की. एका हातानं जेवा," गुणमाला म्हणाली.

"लेन्स दोन हातांची हाय."

"मग सकाळी जावा. सकाळचं ऊनबी तसलंच असतंय न्हवं?"

सकाळच्या उन्हाबद्दल गोमटेशची काहीच तक्रार नव्हती. त्या वेळी तो झोपलेला असायचा, एवढंच.

मग त्याला शंभूराज भेटला. हा कोरेगावकडचा. फौजेतून निवृत्त होऊन आला, शेततळं खणलं, आणि पीक काढण्यापेक्षा शहरातल्या माणसांकडून पैसे काढलेले बरे हे त्याच्या लवकर ध्यानात आलं. तळ्याच्या काठी त्यानं हिरव्या जाळीची एक बुटकी झोपडी बांधली. तिला हाईड म्हणायचं. आत पंखा, चहा आणि गुबगुबीत खुर्ची. समोर पाण्यात एक वाळकी फांदी रोवलेली. सूर्य पाठीशी, कॅमेरा पाण्याच्या पातळीला, फांदीखालच्या ठरल्या जागी फोकस आधीच लावून ठेवलेला. खंड्या फांदीवर येऊन बसतो, खाली झेपावतो, वर येतो. माणसानं फक्त बटण दाबून धरायचं. यंत्र सेकंदाला वीस फोटो काढतं आणि त्यातला एखादा आपली अब्रू राखतो. शंभूराजचा खंड्या गोमटेशला जेवणाच्या वेळेपर्यंत थांबवून धरत नसे. तो दुपारीच येऊन जायचा.

त्या हिवाळ्यात गोमटेशला तो फोटो मिळाला. निळाजांभळा खंड्या पाण्यातून वर उसळलेला, पंखांवरून थेंबांची माळ तुटलेली, चोचीत आडवा चंदेरी मासा. फोटो खरंच सुरेख होता. पुण्यातल्या एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटोचं नाव 'प्रतीक्षा', आणि खाली ओळ होती, की कृष्णाकाठी कित्येक हिवाळे वाट पाहिल्यावर हा क्षण हाती लागला. गुणमालानं ती ओळ वाचली आणि तिला मनापासून बरं वाटलं. नवऱ्याला काहीतरी जमलं, कुणी हसलं नाही, याचा तिला आनंद झाला. तिनं तो फोटो आपल्या मोबाईलवर लावला आणि यार्डात हमालांनासुद्धा दाखवला.

फाल्गुनातलं ऊन तापलं तशी गाडीला घाण यायला लागली. गोमटेश म्हणाला, उंदीर मेला असेल. गुणमालानं डिकी रिकामी केली. स्टेपनीच्या खोबणीत तिला तिची पितळी किटली सापडली, देवळात अभिषेकाला दूध न्यायची. ती हरवली म्हणून तिनं कामवालीला दोन दिवस बोलून घेतलं होतं. किटलीच्या तळाला बोटभर लांबीचे मासे वाळून चिकटले होते.

"हे काय हाय?"

गोमटेशनं आधी ते मासे नाहीत असं म्हणून पाहिलं. मग शंभूराजनं ठेवले असतील असं म्हणून पाहिलं. मग तो पायरीवर बसला आणि खरं बोलला. शंभूराजच्या तळ्यात मासेच नव्हते. पाण्यात एक टब बुडवून ठेवायचा, त्याचा काठ पाण्याखाली, म्हणजे फोटोत येत नाही. गिऱ्हाईकानं आपले जिवंत मासे आपण आणून त्या टबात सोडायचे, असा तिथला रिवाज होता. मासे टबाबाहेर जाऊ शकत नाहीत आणि खंड्याला दुसरीकडं जायचं कारण नाही. गोमटेशला सांगलीत लोक ओळखतात, म्हणून तो मासे घ्यायला कराडला जायचा. गाडी लांब लावायची, मास्क बांधायचा, वर मफलर. तिथल्या मासेवालीनं एकदा विचारलं, एवढ्या बारक्या माशांचं करता काय दादा? तेव्हा गोमटेश म्हणाला होता, सोडायला नेतो, आमच्यात जीव सोडवायची पद्धत आहे. मासेवालीनं हात जोडले आणि आपल्याकडून एक ओंजळ जास्त घातली.

"तिला फसवलंसा," गुणमाला म्हणाली.

"फसवलं कुठं? सोडलंच की."

"टबात."

"पाण्यातच न्हवं?"

तो हे चेष्टेनं म्हणाला असता तरी चाललं असतं. तो मनापासून म्हणत होता. गुणमालाला त्याच्या तोंडाकडं बघवेना. खंड्यानं मासा खाल्ला यात तिचं काही म्हणणं नव्हतं. खंड्या त्याचा धर्म पाळत होता. पण माणसानं जीव सोडवण्याचं नाव पुढं करून जीव विकत घ्यावेत, ते कोंडून दुसऱ्याच्या तोंडी द्यावेत आणि वर बक्षीस घ्यावं, याची तिला किळस आली. तिनं मोबाईलवरचा फोटो काढून टाकला. किटली भंगारात घातली.

एवढ्यावर हे प्रकरण घरात मिटलं असतं. पण आपल्याकडं एखाद्याला बक्षीस मिळालं आणि त्याचा सत्कार झाला नाही, असं होत नाही. समाजाचे अध्यक्ष श्रेणिकअण्णा स्वतः घरी आले. महावीर जयंतीला समाजाच्या सभागृहात गोमटेशला जीवदया पुरस्कार द्यायचं ठरलं होतं. मुक्या पाखरांवर एवढं प्रेम करणारा माणूस समाजात दुसरा कोण होता? सत्कार जोडीनं होणार होता. फोटो मोठा करून फ्लेक्सवर येणार होता. एकच अडचण होती.

"चोचीत मासा दिसतोय गोमटेश," अण्णा म्हणाले. "जीवदयेच्या बोर्डावर ते बरं दिसायचं न्हाई. तेवढा काढा."

गोमटेशनं तेवढा काढला. संगणकावर बसून एका संध्याकाळी, जेवणानंतर, त्यानं मासा पुसला. मासा पुसल्यावर खंड्या चोच अर्धवट उघडून, काहीच न धरता, मोठ्या कष्टानं पाण्याबाहेर येत होता. एखाद्याला वाटलं असतं, उपास सोडायला वर आलाय.

ते बघितल्यावर गुणमालानं नवऱ्याला समोर बसवलं. "पुरस्कार दुसऱ्या कसल्या नावानं घ्या, माझं काय बी म्हणनं न्हाई. कॅमेऱ्याचा घ्या, लेन्सचा घ्या. जीवदयेच्या नावानं घ्यायचा असंल तर माईकवर खरं सांगायचं. तुमी खरं सांगा, मी तुमच्या शेजारी उभी ऱ्हाते. लोक काय बोलतील ते दोघं मिळून ऐकू."

गोमटेशनं संगणक बंद केला. मग म्हणाला, "सांगतो." गुणमालाला ते खरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला नवऱ्याचं खरं वाटायचं, याचा तिला पुढं फार राग आला.

सभागृह भरलं होतं. गोमटेशच्या मागं भिंतभर खंड्या उपाशी चोच उघडून उभा होता. गुणमाला बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. जोडीचा सत्कार पुकारला की वर जायचं, असं ठरलं होतं. आधी सत्कारमूर्तींचं मनोगत झालं. गोमटेशनं माईक हातात घेतला आणि घसा साफ केला. गुणमालाचा जीव टांगणीला लागला.

"पाखराचा फोटो काढायला सगळ्यात मोठं उपकरण कुठलं, तर धीर," गोमटेश म्हणाला. "कृष्णेच्या काठावर थंडीवाऱ्यात मी तासन्‌तास बसलो. पाखराला माझी चाहूल लागू दिली न्हाई. त्याला त्रास दिला न्हाई. त्याच्या मनात आलं, तवा ते आलं."

टाळ्या पडल्या. तो बोलतच राहिला. धीर, संयम, साधना असे शब्द आले. मासा आला नाही. बोलताना तो सगळीकडं बघत होता, फक्त पहिल्या रांगेकडं बघत नव्हता. मग निवेदकानं जोडीला पुकारलं. गुणमाला उठली नाही.

"वहिनी लाजत्यात," कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं.

गुणमाला उभी राहिली, पण वर गेली नाही. तिचा आवाज यार्डातल्या सौद्यात तयार झालेला होता, तिला माईकची गरज नव्हती. "आमच्या ह्यांनी कृष्णेवर वाट बघितलेली न्हाई. कराडातनं जिवंत मासं विकत आणलं, टबात कोंडलं आणि खंड्याला घातलं. सोडायला नेतो म्हणून मासेवालीला सांगितलं. ह्या फोटोत खंड्याच्या तोंडात मासा हुता, तो पुसलाय. ह्याला जीवदया म्हणत असाल तर म्हणा. मी त्यात न्हाई."

गोमटेशच्या खांद्यावर शाल अर्धी चढली होती, ती तशीच लोंबत राहिली. त्याचा चेहरा पांढरा पडला. मग त्यानं हात जोडले आणि पडत्या आवाजात म्हणाला, "खरं हाय. माझं चुकलं." गुणमालाच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. उशिरा का होईना, माणूस बोलला. तिला वाटलं, आता वर जावं आणि कबूल केल्याप्रमाणं त्याच्या शेजारी उभं राहावं. तिनं पाऊलही उचललं.

तेवढ्यात श्रेणिकअण्णांनी माईक घेतला. गेली वीस-पंचवीस वर्षं सत्कार करून करून अण्णांचा हात असा बसला होता, की समोरची कुठलीही गोष्ट त्यांना शाल घालायच्या जागेसारखी दिसायची. "बघा!" ते म्हणाले. "एवढ्या भरल्या सभेत चूक कबूल करायला किती मोठं काळीज लागतं! क्षमा मागणं हाच आपला धर्म. जीवदयेपेक्षा क्षमा मोठी. मी म्हणतो, ह्या पुरस्काराचा गोमटेशच खरा मानकरी हाय!"

लोक उभे राहिले. टाळ्या मघापेक्षा दुप्पट पडल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. लोंबणारी शाल अण्णांनी नीट केली आणि हातात नारळ दिला. आणि गुणमालानं पाहिलं, तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. समोर फोटोग्राफर उभा होता. गोमटेश अर्धं पाऊल डावीकडं सरकला, म्हणजे तोंडावर उजेड चांगला पडतो. जोडलेले हात त्यानं तसेच धरून ठेवले, दोन-तीन फोटो होईपर्यंत. गुणमाला उचललेलं पाऊल मागं घेऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी पेपरात 'भरसभेत प्रांजळ कबुली' असं छापून आलं. आठवडाभर घरी माणसं येत होती. गोमटेशनं आपली चूक इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितली, की ती सांगताना कुठं थांबायचं आणि कुठं मान खाली घालायची हे त्याला बरोबर जमायला लागलं. माशांचं नाव कुणी काढलं नाही. त्यांची क्षमा मागायची राहिली आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी गुणमाला अंगणात आली तर दारात गाडी चालू होती. गोमटेश लवकर उठला होता, आयुष्यात पहिल्यांदा. गाडीत पुढं श्रेणिकअण्णा बसले होते, पानापानांची टोपी घालून. मागं समाजाचे आणखी दोघं, मांडीवर कोरे करकरीत कॅमेरे. डिकी उघडी होती आणि डिकीत दुधाचा अॅल्युमिनियमचा कॅन. कॅनमध्ये मासे वळवळत होते.

"हे आता सांगलीतनंच आणलं," गोमटेश म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी अजिबात नव्हती. "सगळ्यास्नी म्हाईत झालंय, आता चोरून काय करायचं?"

अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "वहिनी, तुमचे उपकार हायत बघा. तुमी त्या दिवशी बोलला नसता तर त्या टबाची युक्ती आमाला कवा कळली असती?"

गुणमालाला वाटलं, कुणीतरी आपलाच हात धरून आपल्या थोबाडीत मारली. खरं बोलून तिनं काय केलं होतं? नवऱ्याचं पाप धुऊन, वाळवून, घडी घालून त्याच्या हातात दिलं होतं, आणि वर तीन गिऱ्हाइकं जोडून दिली होती. तिनं डिकीतला कॅन दोन्ही हातांनी उचलला आणि कृष्णेच्या घाटाच्या वाटेला लागली.

"अगं, कुठं? अगं, थांब!" गोमटेश लेन्ससकट कॅमेरा उचलून मागं धावला. त्याच्यामागं बाकीचे, गळ्यात कॅमेरे हेलकावत. घाट जवळच होता. गुणमाला पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेली आणि वाकून तिनं कॅन हळूच आडवा केला. मासे एकेक करून बाहेर पडले, क्षणभर तिच्या पायांशी घुटमळले आणि दिसेनासे झाले. ऊन नुकतंच वर आलं होतं आणि पाणी सोन्यासारखं झालं होतं.

पाठीमागून खडखड खडखड आवाज यायला लागला. सेकंदाला वीस. तिनं वळून पाहिलं. गोमटेश शेवटच्या पायरीवर पोटावर पडला होता, कॅमेरा पाण्याच्या पातळीला धरून. त्याच्या शेजारी अण्णा उकिडवे बसले होते.

"हलू नगंस!" गोमटेश ओरडला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता. "तोंड जरा उजवीकडं. कॅन परत एकदा तिरका कर, रिकामा असला तरी चालंल. आगं, हेच! हीच खरी जीवदया!"

गुणमालानं कॅन तिरका केला. तो नदीत बुडवून काठोकाठ भरला, पायऱ्यांपाशी आली, आणि सगळा कॅन उखळाएवढ्या लेन्सवर, कॅमेऱ्यावर आणि नवऱ्याच्या डोक्यावर उपडा केला. खडखड बंद झाली. जन्मात कधी घरात थेंबभर पाणी गाळल्याशिवाय न घेणारी ती बाई रिकामा कॅन खाली ठेवून अण्णांकडं वळली.

"पाणी न गाळताच वतलंय अण्णा," ती म्हणाली. "त्यात जे जीव मेलं, त्याची क्षमा मी मागते. माझा सत्कार कवा करताय ते सांगा."